प्रामाणिक तुरसून दरवान

कायसेरीहून सिवासला जाणाऱ्या वाटेवर, तिसऱ्या मुक्कामाला, पिवळ्या दगडाची सराई होती. भिंती किल्ल्यासारख्या आणि दार एकच. सूर्य बुडाला की ते दार बंद व्हायचं आणि पहाटे उघडायचं. पण नुसतं उघडायचं नाही. आधी दरवान नगारा वाजवायचा, मग अंगणाच्या मधोमध उभा राहून मोठ्याने विचारायचा, "मंडळी, जीव, माल, जनावरं, अंगावरचं कापड, सगळं जागेवर आहे ना?"

शंभर घशांतून उत्तर यायचं, "सगळं सुखरूप! बांधणारीचं भलं होवो!"

मग अडसर निघायचा. एकाने जरी 'थांबा' म्हटलं तरी दार मिटलेलंच राहायचं. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत उंट हलायचा नाही की माणूस. मात्र एकदा 'सुखरूप' म्हणून बाहेर पडलात की सराईची जबाबदारी संपली. सराई बांधणाऱ्या बेगमेने दानपत्रातच तसं लिहून ठेवलं होतं. तिथे जेवणाचा पैसा घेत नसत. मुसलमान असो, आर्मेनी असो, फिरंगी असो, तीन दिवस भाकरी, मटणाचा रस्सा, गुरुवारी संध्याकाळी मध, आणि फाटक्या जोड्याला टाका.

हा प्रश्न एकोणचाळीस वर्षं ज्याने विचारला त्याचं नाव तुरसून. नावाचा अर्थ 'राहू दे'. आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने हे नाव ठेवलं. तो राहिला. तरुणपणी त्याच्या मेंढ्या होत्या. एका हिवाळ्यात पूर्वेकडच्या खानाची फौज डोंगराखाली उतरली आणि मेंढ्या तिच्या पोटात गेल्या. मग तो सराईच्या दाराशी येऊन बसला आणि तिथलाच झाला. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. दाढी मात्र भरघोस, छातीवर रुळणारी. तिला तो रोज लोणी लावून विंचरायचा. बाकी त्याची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. त्याच्या दारात पहिल्या बारा वर्षांत सुईसुद्धा हरवली नव्हती. तो हे कुणाला सांगायचा नाही. पण कुणी सांगत असलं की हातातलं काम थांबवून ऐकायचा.

त्या तेराव्या वर्षी, पानगळीच्या अखेरीला, सूर्य बुडून दार लागल्यावर बाहेरून कुणीतरी धडाधड हात मारायला लागलं.

सूर्य बुडाल्यावर दार उघडायचं नाही हा नियम. तुरसूनने मोठ्या दारातल्या दिंडीच्या फटीतून बाहेर पाहिलं. दोन फिरंगी, तीन खेचरं. वारा डोंगरावरून येत होता आणि त्यात बर्फाची कुसं होती. दोघांतल्या धाकट्याच्या छातीवर दोरीने बांधलेला लोखंडी बिल्ला लोंबत होता. त्यावर चांदीची अक्षरं. खानाचा बिल्ला; आता मुलूख त्याचाच होता. तो ज्याच्या छातीवर आहे त्याला अडवायचं नाही, खाऊ घालायचं, थकलेलं जनावर बदलून द्यायचं. आडवा येईल त्याचं डोकं जागेवर राहत नाही. तुरसूनला अक्षर येत नव्हतं, पण त्या वाटेवर हा बिल्ला वाचायला अक्षर लागायचं नाही.

त्याने दिंडी उघडली. बिल्ला नसता तरी उघडली असती, असं तो पुढे स्वतःला सांगायचा.

ते दोघे भाऊ होते, जेनोवा नावाच्या समुद्राकाठच्या गावचे. थोरला आन्सेल्मो, सुकलेला, सतत खोकणारा. धाकटा ओबेर्तो, लालबुंद आणि दांडगा. रेशमासाठी तबरीझला निघाले होते. त्यांचा आर्मेनी दुभाषी तापाने कायसेरीलाच पडला होता आणि घाट बंद होण्याआधी पलीकडे पोचायचं म्हणून दोघे तसेच पुढे आले होते. हे सगळं मागाहून कळलं. त्या संध्याकाळी एवढंच दिसलं की दोन माणसं थंडीने अर्धमेली झाली आहेत आणि त्यांना आपली बोली येत नाही.

आत आल्यावर ओबेर्तोने पेटलेली चूल पाहिली, रश्शाची वाफ पाहिली, आणि त्याला काय झालं कोण जाणे. त्याने तुरसूनची दाढी दोन्ही मुठींत धरली, त्याचं तोंड स्वतःकडे ओढलं आणि दोन्ही गालांवर मचमचून मुके घेतले.

अंगणातले उंटवाले वळून बघू लागले. मग हशा उसळला तो थांबेचना.

"अरे, फिरंग्याने तुरसूनला दोहलं!" एक उंटवाला ओरडला.

"दूध किती निघालं हो, दरवान?"

"आटवा आटवा! उद्या खवा खाऊ!"

ओबेर्तोही हसत होता. लोक हसताहेत म्हणून तो आणखी हसत होता. तुरसूनने दाढी सोडवून घेतली. दोन केस फिरंग्याच्या बोटाला अडकून राहिले होते. आमच्याकडे माणूस दाढीची शपथ घेतो. दाढीला हात लावला म्हणून दोन टोळ्यांत सुऱ्या निघालेल्या आहेत.

सराईचा नालबंद ओहान, आर्मेनी, तुरसूनचा जुना मित्र, जवळ आला. "हसून सोड, दादा. त्यांच्यात तसंच असेल."

"त्यांच्यात बापाची दाढी ओढतात?"

"आता ते त्याच्या बापालाच विचारावं लागेल," ओहान म्हणाला आणि त्यालाही हसू आवरेना.

तुरसूनने दोघा भावांना सगळ्यांसारखाच रस्सा वाढला, सगळ्यांसारखीच भाकरी दिली. थोरल्याच्या खोकल्यासाठी चुलीजवळची जागा दिली. यात काही कमी केलं नाही. फक्त त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पहाटे, नगाऱ्याच्या आधी, तो रोजच्यासारखा अंगण झाडायला निघाला. जनावरांच्या हौदापाशी बर्फाची साय धरली होती. तिच्या कडेला बिल्ला पडला होता. दोरी झिजून तुटलेली. फिरंगी खेचराला पाणी पाजायला वाकला असणार. तुरसूनने तो उचलला, बाहीने पुसला. लोखंड इतकं थंड होतं की बोटाला चिकटलं.

त्याने तो कमरेच्या शेल्यात खोचला.

त्याच्या मनात काय होतं हे नीट सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी वेगळंच सांगितलं. त्याला बिल्ला चोरायचा नव्हता. विकायचा नव्हता. त्याचं तो काय करणार? त्याच्या डोळ्यांसमोर फक्त एक चित्र होतं. आपण प्रश्न विचारतो. तो तांबड्या तोंडाचा छाती चाचपतो. त्याचं तोंड पांढरं पडतं. तो 'थांबा' म्हणून ओरडतो, कुठल्याही बोलीत ओरडू दे. शंभर माणसं अडकून पडतात आणि तो धावत आपल्याकडे येतो, हात जोडतो, गयावया करतो. आपण थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग शेल्यातून बिल्ला काढतो, काल हसली त्याच माणसांसमोर, आणि त्याच्या हातावर ठेवतो. बस्स. यापलीकडे त्याला काही नको होतं.

त्याने नगारा वाजवला. अंगणाच्या मधोमध उभा राहिला. विचारलं.

"सगळं सुखरूप!" गजर झाला. त्यात सगळ्यात मोठा आवाज ओबेर्तोचा होता. इतर काय ओरडतात ते ऐकून, तोंड वेडंवाकडं करून, तोही हात उंचावून तेच ओरडत होता. त्याला तो गजर आवडला होता. झगा गळ्यापर्यंत बंद. आत छातीवर काय आहे नि काय नाही हे बघायचं त्याच्या मनात आलं नाही. शेजारी थोरला भाऊ रुमालात खोकत होता.

तुरसून तसाच उभा राहिला. मग बारा वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. पुन्हा विचारलं.

"अहो, सांगितलं की सुखरूप! पाय गोठले आमचे," उंटवाले करवादले. "कालच्या मुक्यातून उतरला नाही वाटतं अजून!"

आणि दुसऱ्यांदाही ओबेर्तोचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

आता सांगायला हवं, तुरसूनला वाटलं. त्याचा हात शेल्याकडे गेलासुद्धा. पण आता काय सांगणार? वस्तू तुझ्या कमरेला होती आणि तू दोनदा विचारलंस? ओहान त्याच्याकडे बघत होता. मघाशी जी थट्टा होती ती या दोन गजरांच्या मधल्या एवढ्याशा वेळात चोरी होऊन बसली होती. नेमकी कधी झाली ते त्याला कळलं नाही. त्याने अडसर काढला, कारण अडसर काढायची वेळ झाली होती. हाताला तेवढंच ठाऊक होतं.

बाहेर पडताना ओबेर्तोने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

येईल परत, तुरसूनला वाटलं. दुपारपर्यंत ध्यानात येईल आणि येईल. तेव्हा देऊ. कुणी नसेल, बरंच झालं.

दुपारी त्याच्या बायकोने, इनजीने, भाकरीचं पीठ काढायला रांजणात हात घातला आणि तो तसाच बाहेर काढला. पिठाने माखलेला बिल्ला तिने त्याच्यासमोर धरला.

"हे काय पेरलंयस पिठात?"

"ठेव तिथे. त्या फिरंग्याचा आहे. येईल तो."

"कुठे मिळाला?"

"हौदापाशी."

"कधी?"

त्याने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. तिने खाली बसून हात पुसले. "तू दोनदा ओरडलास आज. मी आतून ऐकलं. म्हटलं म्हातारा झाला, विसरला. म्हणजे तेव्हा हा तुझ्याकडे होता?"

"त्याने माझी दाढी धरली."

"मग तू त्याची मान धरलीस. ओहानचं घोडं घे आणि जा. अजून अर्ध्या वाटेत असतील."

"दार सोडून कसा जाऊ? दानपत्रात लिहिलंय, दरवानाने..."

"दानपत्रात हेही लिहिलंय का?" तिने बिल्ला पुन्हा रांजणात टाकला. त्यानंतर या गोष्टीबद्दल ती त्याच्याशी वीस वर्षं बोलली नाही. भाकऱ्या त्याच रांजणातल्या पिठाच्या होत्या. त्या तो खात होता.

दुसऱ्या दिवशी सिवासकडे जाणारा एक मिठाचा तांडा होता. त्यांच्याबरोबर बिल्ला धाडता आला असता. धाडायचा तर तो आपल्याकडे कसा आला ते सांगावं लागलं असतं. तांडा गेला. आजच सापडला असं म्हणता येईल, त्याला नंतर सुचलं. सुचलं तेव्हा उंटांच्या घंटा ऐकू यायच्या बंद झाल्या होत्या.

सहाव्या दिवशी पूर्वेकडून आलेल्या एका तेल्याने चुलीपाशी बातमी आणली. पुलावरच्या चौकीत दोन फिरंगी धरलेत. बिल्ला नाही, दुभाषी नाही. खानाच्या वैऱ्याचे, मिसरच्या सुलतानाचे, हेर असावेत. बर्फ साठवायच्या खड्ड्यात टाकलेत, कबूल होईपर्यंत.

"एक तर खोकून खोकून मरायला टेकलाय," तेली म्हणाला. "दुसरा काहीतरी ओरडत असतो दिवसभर. तुमच्या सराईचं नाव घेतो म्हणे, आणि 'सुखरूप' म्हणतो. एवढंच येतं त्याला आमच्यातलं. शिपाई हसून हसून लोळतात. खड्ड्यात बसून म्हणतो, सुखरूप!"

चुलीभोवतीची माणसंही हसली. तुरसून उठून बाहेर गेला आणि हौदाच्या कडेला बराच वेळ हात बुडवून उभा राहिला.

सातव्या दिवशी तो सराईच्या कारभाऱ्याकडे गेला. बिल्ला पुढे ठेवला. "गवतात सापडला, मालक. आत्ता झाडताना."

आयुष्यातलं हे पहिलं खोटं त्याने उभ्याउभ्या सांगितलं, आणि ते इतकं सहज निघालं की त्यालाच आश्चर्य वाटलं. कारभारी घाबरला. खानाचा बिल्ला सराईत राहिलेला सापडला तर भिंतीसुद्धा जागेवर राहिल्या नसत्या. त्याने आपलं खेचर दिलं. दारावर ओहानला बसवलं. निघताना ओहानने खोगिराचा पट्टा आवळून दिला आणि मान वर न करता म्हणाला, "गवत तर मी काल सगळं हलवलं होतं, दादा."

तुरसूनने खेचराला टाच मारली.

चौकीपर्यंत दोन दिवस लागले. वाटेवर तो बोलणी रचत होता. शिपायांना काय सांगायचं, फिरंग्याला खुणेने काय सांगायचं. आपल्या छातीकडे बोट दाखवायचं, मग शेल्याकडे, मग हात कानाला लावायचे. समजेल. प्रत्येक चढावर तो ते करून पाहत होता. खेचरावर बसून, रानात एकटा, कान पकडणारा माणूस.

पुलावर पोचला तेव्हा खड्ड्यातून एकालाच वर काढलं. आन्सेल्मो आदल्या दिवशी गेला होता. त्याला नदीकाठी पुरला होता, दगडांखाली, कारण जमीन गोठली होती. ओबेर्तोच्या पायांची बोटं काळी पडली होती. त्याला उभं राहता येत नव्हतं. शिपायांनी त्याला बगलेत धरून आणलं. त्याने बिल्ला पाहिला. मग तुरसूनला पाहिलं. मग खेचर, त्याच्या पायांवरचा दोन दिवसांचा चिखल. त्याच्या तोंडावर काहीतरी जुळून आलं. तो गुडघ्यांवर पडला आणि तुरसूनचे हात धरून त्यांत तोंड खुपसून रडू लागला.

तुरसूनने हात सोडवायचा प्रयत्न केला. त्याला छातीकडे बोट दाखवायचं होतं, शेल्याकडे दाखवायचं होतं. हातच मोकळे नव्हते.

"दोन दिवस वाट तुडवत आलास याच्यासाठी?" चौकीचा नायक म्हणाला. "एका काफिरासाठी? बघा रे, गाढवांनो, याला म्हणतात दरवान! बस, बाबा, दूध आणा याला."

त्याला घोडीचं आंबवलेलं दूध दिलं. ते तो प्यायला. मग त्याचे हात मोकळे होते. ओबेर्तो समोर बसला होता, त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता की तसं तुरसूनकडे त्याच्या आईनेही कधी पाहिलं नव्हतं. तुरसूनने हात मांडीवरच ठेवले.

नायकाने ती गोष्ट पुढच्या चौकीला सांगितली. चौकीने तांड्यांना. वर्षभरात तिकडे तबरीझपर्यंत आणि इकडे समुद्राच्या बंदरापर्यंत, जिथे फिरंग्यांची गलबतं लागतात, प्रामाणिक तुरसूनचं नाव झालं. फिरंगी व्यापारी आडवाट सोडून त्याच्या सराईत उतरू लागले. मोत्यांची थैली, कस्तुरी, त्यांच्या कुणा संताच्या हाडाची डबी, काय काय त्याच्या हवाली करून निर्धास्त झोपू लागले. ज्या उंटवाल्यांनी त्याला दोहलं म्हणून हसून घेतलं होतं तेच आता परक्यांना सांगत, "याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलता येत नाही बरं."

तो मात्र विचित्र झाला. पहाटेचा प्रश्न तीन-तीनदा विचारायचा. परकी बोली बोलणारा दिसला की त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा, त्याच्या छातीवर, कमरेवर, खोगिरावर हाताने थापट्या मारून दाखवायचा: बघ, आहे का? बघ! लोक खोळंबायचे, चिडायचे, मग म्हणायचे, प्रामाणिक माणूस आहे, चालायचंच. नदीकाठच्या दगडांकडे तो दोनदा जाऊन आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा पुराने ते नेले होते.

सांगून टाकायचं त्याने अनेकदा ठरवलं. पण त्याला जो ऐकायला हवा होता तो समुद्रापलीकडे होता. बाकी कुणाला सांगून काय व्हायचं? हेही कारणच होतं, हे त्याला कळायचं. कारणं त्याला पुष्कळ सापडत. गवतात सापडावीत तशी.

वीस वर्षांनी एका दुपारी पश्चिमेकडून तांडा आला. त्यात एक तरुण फिरंगी होता, सुकलेला, लांब मानेचा. त्याला पाहताच तुरसूनच्या कानात कुणी खोकलं. त्याचं नाव बाल्दो. बरोबर त्रेबिझोंदचा एक ग्रीक दुभाषी होता, आमची बोली आमच्यापेक्षा साफ बोलणारा. बाल्दोने भर अंगणात, कारभाऱ्यासमोर, पेटी उघडली आणि लाल लोकरीचं कापड बाहेर काढलं. असा लाल कुणी पाहिला नव्हता. उंटसुद्धा बघत आहेत असं वाटलं.

"याच्या काकांनी पाठवलंय," दुभाष्याने सांगितलं. "ओबेर्तोंनी. हा त्यांच्या भावाचा मुलगा. याचा बाप त्या चौकीत वारला तेव्हा हा सहा महिन्यांचा होता. काकांनी सांगितलंय, पूर्वेला जाशील तेव्हा आधी त्या दरवानाचे हात डोळ्यांना लाव."

आणि तो पोरगेला माणूस खरोखरच वाकला. तुरसूनने हात पाठीमागे घेतले.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐका."

तेव्हा इनजी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. वीस वर्षांत ती या गोष्टीबद्दल पहिल्यांदा बोलली, हळू, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं.

"अंगणात नको. पुन्हा माणसं गोळा करू नकोस."

तुरसूनने तिच्याकडे पाहिलं. मग तो त्या दोघांना घेऊन आत गेला, चुलीपाशी.

त्याने सगळं सांगितलं. दाढी, हौद, शेला, दोन गजर, रांजण, मिठाचा तांडा, गवत. काही गाळलं नाही. दुभाषी मध्येच थांबला. "बाबा, हे सांगू याला? खरंच?"

"जसं म्हणतोय तसं सांग."

दुभाष्याने सांगितलं. बाल्दोचा चेहरा बदलला नाही. तो चुलीकडे बघत होता. मग त्याने एकच विचारलं.

"माझे वडीलही ओरडले होते का? सुखरूप म्हणून?"

"नाही," तुरसून म्हणाला. "ते खोकत होते."

बाल्दो उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. मारेल, तुरसूनला वाटलं. आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण मारायचीच वाट बघतोय. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, किंवा रडून माफ केलं असतं, तरी चाललं असतं. काहीतरी मिळालं असतं. म्हणजे आजही, या पोराच्या बापाच्या मरणातून, आपल्याला आपल्यासाठीच काहीतरी हवं होतं. त्याने मान खाली घातली ती मग वर केली नाही.

बाल्दो बोलू लागला. दुभाषी एकेक वाक्य उचलून ठेवत होता.

"काका आता चालू शकत नाहीत. खुर्चीत असतात. नाताळाला सगळी पोरं त्यांच्याभोवती बसतात आणि ते ही गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत माझे वडील मरतात. मी लहान होतो तेव्हा त्या ठिकाणी कान झाकायचो. पण मग शेवटी तुम्ही येता. खेचरावरून, चिखलाने माखलेले. तिथे काकांचा आवाज दर वर्षी फुटतो." तो थांबला. "त्यांना मी हे सांगणार नाही. तुम्हीही कुणाकरवी सांगू नका. त्यांच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

"आणि तू?" तुरसूनने विचारलं.

दुभाष्याने विचारलं. बाल्दोने पेटीची दोरी बांधली आणि मग उत्तर दिलं.

"मी तबरीझहून दुसऱ्या वाटेने परत जाईन."

"ते कापड तरी घेऊन जा, म्हणावं."

"ते काकांचं आहे," बाल्दो म्हणाला. "परत न्यायचा मला हक्क नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. तुरसूनने त्याच्या सामानावर थापट्याही मारल्या नाहीत. दुरून बघितलं आणि दार उघडलं.

दुपारी कारभाऱ्याने त्याला बोलावलं. शिंपी आधीच येऊन बसला होता.

"या लालचा अंगरखा शिवायचा तुझ्यासाठी. पायघोळ. दाराशी उभा राहशील तर टेकडीवरून दिसेल. फिरंग्यांना विचारावंच लागणार नाही, कुठली सराई म्हणून."

"मालक, मला नको."

"पुरे झाला विनय."

मग तुरसूनने त्यालाही सांगितलं. एका वाक्यात सांगता आलं, त्याचंच त्याला नवल वाटलं. बिल्ला माझ्या कमरेला होता आणि मी त्यांना जाऊ दिलं. शिंप्याची मापाची दोरी हवेत राहिली. कारभाऱ्याने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. तिथे चार तांडे उतरले होते, पाचवा दारात होता. जुन्या दिवसांत दोन असले तरी खूप वाटायचे.

"सराई तुझ्या नावावर चालते, तुरसून," तो म्हणाला. "या अंगणात साठ माणसं त्यावर जेवतात. तुझी बायकोही." मग शिंप्याला म्हणाला, "तू काय ऐकलंस?"

"काही नाही, मालक."

"बाह्या लांब ठेव."

अंगरखा आठवड्यात झाला. इनजीने त्याच्या गळ्याशी गुंडी लावून दिली. तिची बोटं थोडी थांबली, मग तिने दुसरी गुंडी लावली.  लोकर उबदार होती. त्या डोंगराळ थंडीत इतकी ऊब त्याच्या अंगाला कधी लागली नव्हती, आणि पहिल्याच दिवशी त्याला ती बरी वाटली. हेही त्याला सोसावं लागलं.

पुढची सात वर्षं, मरेपर्यंत, तो हा अंगरखा घालून दारात उभा राहिला. पश्चिमेच्या टेकडीवर तांडा दिसला की त्यातला एखादा फिरंगी रिकिबीत उभा राहून हात हलवायचा, ओळखीच्या माणसाला हलवतात तसा. तुरसून हात वर करायचा नाही. त्याने काही फरक पडायचा नाही. लाल रंग लांबूनच दिसायचा, आणि तांडा दिशा बदलून सरळ त्याच्याकडे यायला लागायचा.